दुसऱ्या वराचे हसे

एका स्त्रीसाठी दोन पुरुषांत चुरस लागणे ही कथावाङ्मयातील फार जुनी वस्तू आहे, आणि ती गंभीरपणे हाताळली की तिचा शेवट बहुधा रक्तपातात होतो. महाभारताच्या आदिपर्वात नारद पांडवांना सुंद आणि उपसुंद या दैत्यबंधूंची कथा सांगतो. एकत्र जेवणारे, एकत्र राज्य करणारे आणि एकमेकांखेरीज अन्य कोणाच्याही हातून मरण येऊ नये असा वर मिळवलेले हे दोघे भाऊ; परंतु तिलोत्तमा समोर येताच एकाने तिचा उजवा हात धरला, दुसऱ्याने डावा, आणि थोड्याच वेळात दोघेही गदांच्या घावांनी मरून पडले. या कथेत तिलोत्तमेला कोण पसंत होता हे कोणी विचारत नाही, कारण ती देवांनी घडवून पाठवलेले अस्त्र आहे आणि अस्त्राला आवडनिवड नसते. हीच चुरस विनोदाच्या अंगाने मांडायची झाली, तर मात्र रचनेत एक ठळक बदल करावा लागतो. दोन तुल्यबळांच्या झुंजीत हसण्यासारखे काही नसते, म्हणून दोघांपैकी एकाला, आणि कधीकधी दोघांनाही, हास्यास्पद करावे लागते. हे हास्यास्पद करणे वरवर पाहता केवळ करमणुकीसाठी असते. परंतु भारतीय आणि विशेषतः मराठी नाट्यपरंपरेत त्याचा माग घेतला, तर ते एका अडचणीच्या प्रश्नाला बगल देण्याचे साधन म्हणून शतकानुशतके वापरले गेले असे दिसते. तो प्रश्न म्हणजे स्त्रीच्या निवडीचा. एक वर मूर्ख, भित्रा किंवा जरठ ठरला की निवड करण्याचे कारणच उरत नाही, आणि जी निवड करावीच लागत नाही तिचा अधिकार कोणाला आहे, हा वादही उपस्थित होत नाही.

या चुरशीचा विनोदी अवतार शोधू लागले की पुन्हा नारदच भेटतो, मात्र या वेळी कथा सांगणारा म्हणून नव्हे, तर कथेत सापडलेला म्हणून. शांतिपर्वात नारद आणि त्याचा भाचा पर्वत हे दोघे ऋषी सृंजय राजाकडे राहतात, राजकन्येवर नारदाचे मन जडते, मनातले काही लपवायचे नाही हा आपसातील करार तो मोडतो आणि पर्वत त्याला वानरमुखाचा शाप देतो. येथे चुरस अजून स्पष्ट नाही. भाच्याचा राग मामाच्या लपवाछपवीवर आहे. लिंगपुराण आणि अद्भुतरामायण यांत मात्र ही कथा पूर्ण विनोदी घाट घेऊन येते. अंबरीष राजाची कन्या श्रीमती हिला नारद आणि पर्वत असे दोघेही मागणी घालतात, राजा कोणालाही दुखवू इच्छित नाही, म्हणून कन्या ज्याला माळ घालील त्याची ती, असे सांगून मोकळा होतो. मग नारद गुपचूप विष्णूकडे जाऊन पर्वताचे तोंड वानरासारखे दिसावे, आणि तेही फक्त श्रीमतीलाच, असे मागून घेतो. थोड्या वेळाने पर्वतही तेथेच जाऊन नारदाच्या तोंडाविषयी तशीच विनंती करतो. आणि विष्णू दोघांनाही ‘तथास्तु’ म्हणतो. स्वयंवराच्या मंडपात दोन्ही ऋषी मोठ्या ऐटीने उभे राहतात, राजकन्या माळ घेऊन येते, समोर दोन वानरमुखे पाहून भेदरते, आणि त्या दोघांच्या मधोमध तिला एक देखणा तरुण दिसतो, त्याच्या गळ्यात माळ घालून ती त्याच्यासह दिसेनाशी होते. तो तरुण कोण, हे वाचकाला सांगण्याची गरज नाही.

ही कथा रचनेच्या दृष्टीने अतिशय घट्ट आहे. प्रतिस्पर्ध्याला विद्रूप करण्याची इच्छा दोघांच्याही मनात सारखीच उपजते, दोघेही एकाच दाराशी जातात, आणि दोघांचीही इच्छा पूर्ण होते म्हणूनच दोघेही फसतात. आपले तोंड कसे दिसते हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नसणे, आणि दुसऱ्याचे तोंड कसे दिसणार हे मात्र दोघांनाही पक्के ठाऊक असणे, यातच सगळी गंमत आहे. तरीही या हास्याला पुराणकारांनी किंमत लावली आहे: चिडलेले ऋषी विष्णूला शाप देतात, त्या शापामुळे त्याला दशरथाच्या घरी जन्म घ्यावा लागतो आणि पत्नीचा विरह सोसावा लागतो. एका स्वयंवरातील थट्टेतून सबंध रामकथेचे दुःख निघते, असे सांगणारे हे रामायण आहे. श्रीमतीने निवड केली की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र अवघड आहे. माळ तिने स्वतःच्या हाताने घातली, परंतु दोन वानरमुखे आणि एक सुंदर पुरुष यांतून निवडायला सांगणे म्हणजे निवड देऊ केल्याचा देखावा करणे होय.

अशा प्रसंगांत हसू नेमके कुठून येते, याचा विचार संस्कृत काव्यशास्त्राने बारकाईने केला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार हा हास्याचा उगम मानला आहे, आणि शृंगाराची नक्कल म्हणजे हास्य अशी त्याची भूमिका आहे. दहाव्या-अकराव्या शतकांतील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त याने हा विचार आणखी पुढे नेला. रसाभास, म्हणजे रसासारखा दिसणारा परंतु अनुचित ठिकाणी उद्भवल्यामुळे रसपदवीला न पोहोचणारा भाव, ही संकल्पना वापरून त्याने रावणाच्या सीतेवरील आसक्तीचे उदाहरण घेतले: रावण स्वतः विरहाने कितीही व्याकूळ असला, तरी जिच्या मनात त्याच्याविषयी काहीच नाही तिच्यासाठीची ती व्याकूळता पाहणाऱ्याला शृंगार वाटत नाही, शृंगाराचा आभास वाटतो, आणि आभासातून हास्य निर्माण होते. प्रेम दोन्हीकडून असले पाहिजे, एकतर्फी प्रेम म्हणजे प्रेमाचे सोंग, ही या विचाराची बाजू आजही पटण्यासारखी आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात शृंगाराभासाचे प्रकार सांगताना मात्र एकतर्फी प्रेमाच्या जोडीला अनेक नायकांविषयी असलेली स्त्रीची प्रीतीही बसवली. म्हणजे दोन पुरुषांनी एका स्त्रीची अभिलाषा धरणे हा कथेचा विषय होऊ शकतो, परंतु त्या स्त्रीचे मन दोघांकडे ओढले जाणे, तिने क्षणभर तोलून पाहणे, हे शास्त्राच्या मते अनौचित्य ठरते. दुसरा वर मूर्खच असावा लागतो, याचे एक कारण येथे सापडते: तो जर खरोखरच विचार करण्याजोगा असेल, तर नायिकेला विचार करावा लागेल, आणि तिने विचार केला की ती नायिका राहणार नाही.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शकार हा या परंपरेतील सर्वांत मोठा दुसरा वर होय. पालक राजाचा मेहुणा, पैशाने आणि सत्तेने मस्तवाल, आणि उज्जयिनीची गणिका वसंतसेना आपलीच आहे अशा समजुतीत वावरणारा हा संस्थानक स चा श करून बोलतो, म्हणून त्याचे नाव शकार. तो पुराणांचे दाखले सारखे देतो आणि प्रत्येक वेळी रामायणाची महाभारताशी खिचडी करतो. रावणाची जोडी कुंतीशी लावायला तो कचरत नाही. पहिल्या अंकातील पाठलागाचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. रात्रीचा अंधार, वसंतसेना पुढे, शकार, त्याचा विट (म्हणजे श्रीमंताच्या पदरी असलेला रसिक सोबती) आणि चेट (म्हणजे नोकर) असे तिघे मागे. ती अंधारात नाहीशी होते तेव्हा विट आपल्या धन्याला सुचवतो की तिच्या फुलांचा वास आणि दागिन्यांचा आवाज यांवरून माग काढावा, त्यावर शकार म्हणतो की वास तर ऐकू येतो आहे, पण नाकात अंधार भरल्यामुळे आवाज काही दिसत नाही. मग तो चाचपडत आधी विटाला पकडतो, नंतर चेटाला, आणि शेवटी नायक चारुदत्ताच्या घरातून बाहेर आलेल्या रदनिका या दासीचे केस धरून वसंतसेना सापडली म्हणून ओरडतो. इंद्रियांची अशी अदलाबदल करणारा माणूस स्त्री ओळखणार कशी, हे शूद्रकाने एका वाक्यात दाखवले आहे. याच शकाराच्या हातून आठव्या अंकात वसंतसेनेचा गळा आवळला जातो, ती मेली असे समजून तो चारुदत्तावर खुनाचा आरोप ठेवतो, आणि न्यायालय त्याच्या दडपणाखाली येते, हे लक्षात घेतले म्हणजे या नाटकातील हास्य किती धोक्याच्या काठावरून चालते ते कळते. ज्याला आपण तासभर हसलो तोच माणूस खून करू शकतो, याचा धक्का प्रेक्षकाला बसावा अशी योजना त्यामागे आहे, आणि ती पुढे कित्येक शतके कोणाला साधली नाही.

‘मृच्छकटिका’चा आणखी एक विशेष असा की येथे स्त्री खरोखरच निवड करते. शकाराने दहा हजार सुवर्णमुद्रांचे दागिने आणि गाडी पाठवली असताना वसंतसेना दरिद्री झालेल्या, विवाहित चारुदत्ताकडे स्वतःहून जाते. परंतु ती निवड करू शकते याचे कारण ती गणिका आहे. कुलकन्येला असा नकार देण्याची सोय त्या जगात नव्हती. संस्कृत नाटकात प्रियकराला नाकारणारी स्त्री दाखवायची तर तिला कुळाबाहेर ठेवावे लागे, आणि प्रहसन या केवळ हास्यासाठी असलेल्या नाट्यप्रकारात तर गणिकाच केंद्रस्थानी येते. चौदाव्या शतकात मिथिलेतील ज्योतिरीश्वर याने लिहिलेले ‘धूर्तसमागम’ हे प्रहसन या दृष्टीने पाहावे. विश्वनगर नावाचा संन्यासी आणि दुराचार नावाचा त्याचा शिष्य हे दोघे अनंगसेना या गणिकेवरून भांडतात, वाद मिटेना म्हणून असज्जातिमिश्र या ब्राह्मणाला पंच नेमतात, आणि पंच महाशय निकाल लागेपर्यंत वादाचा विषय आपल्याच ताब्यात असावा असे ठरवून अनंगसेनेला ठेवून घेतात; तेवढ्यात त्यांचा विदूषकही तिच्यावर डोळा ठेवतो. नारद-पर्वतांच्या कथेचाच हा सांगाडा आहे: दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. फरक इतकाच की तेथे तिसरा विष्णू होता आणि येथे तो लबाड पंच आहे. धर्मवेत्ते, न्यायकर्ते, गुरू यांच्यावरील टीका हा प्रहसनाचा प्राण, आणि स्त्री ही त्या टीकेसाठी लागणारे निमित्त. रेने जिरार या फ्रेंच विचारवंताने 1961 मधील आपल्या ग्रंथात असे मांडले की माणूस एखाद्या वस्तूची इच्छा स्वतःहून करत नाही, दुसरा कोणी तिची इच्छा करतो म्हणून करतो, आणि म्हणून प्रतिस्पर्धी हे एकमेकांची नक्कल करत शेवटी एकसारखे होऊन बसतात. ‘धूर्तसमागमा’ला हे तंतोतंत लागू पडते. तरीही या सिद्धांताची मर्यादा स्पष्ट आहे: तो पुरुषांमधील खेळ उत्तम उलगडतो, आणि ज्या स्त्रीवरून खेळ चालला आहे तिला ज्योतिरीश्वराइतकेच विसरतो.

युरोपीय विनोदी नाटकाचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही. त्यातील एक धागा मराठीत थेट आला आहे, तेवढाच पाहणे पुरे. मोल्येरने 1660 मध्ये ‘स्गानारेल’ लिहिले, त्यावरून आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराने अठराव्या शतकात आपले नाटक रचले, आणि मर्फीच्या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवल यांनी 1893 मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले, जे पुढे 1916 मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपात गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. या नाटकाची गंमत अशी की यात प्रतिस्पर्धी आहे, पण तो कोणाच्या तरी डोक्यातच आहे. अश्विनशेठची तसबीर त्याची प्रेयसी रेवती हिच्या हातून पडते, ती फाल्गुनरावाची पत्नी कृत्तिका हिच्या हाती लागते, आणि तेवढ्या एका तसबिरीवरून फाल्गुनरावाला अश्विनशेठ आपल्या पत्नीचा यार वाटतो, तर अश्विनशेठला फाल्गुनराव रेवतीचा. दोन पुरुष एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतानाच एकमेकांशी चुरस करतात, आणि दोन्ही स्त्रिया काही न करता आरोपी ठरतात. हसे होते ते संशय घेणाऱ्या पुरुषाचे, नाकारलेल्या वराचे नव्हे. मराठी रंगभूमीवरील सर्वांत निर्मळ विनोद या नाटकात आहे असे मानले जाते, त्याचे हेही एक कारण असावे.

मराठी संगीत नाटकाचा उदय झाला तेव्हा समाजात वरनिवडीचा प्रश्न मुलीपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद होती. ब्राह्मणी घरांत मुलीचे लग्न ती न्हाती होण्यापूर्वी उरकले जाई. संमतिवयाचा 1891 चा कायदा शरीरसंबंधासाठीचे वय दहावरून बारा वर्षे करणारा होता आणि तेवढ्यावरूनही पुण्यात रणे माजली. अशा काळात दोन पुरुषांत एकीला निवडायचे स्वातंत्र्य दाखवायचे तर पुराणाचा आधार लागे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1882 मधील ‘सौभद्रा’त सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे आणि बलरामाने तिला दुर्योधनाला देण्याचे ठरवले आहे, परंतु किर्लोस्करांनी हसे दुर्योधनाचे केले नाही, यतीचे सोंग घेतलेल्या अर्जुनाच्या सेवेसाठी आपल्या बहिणीलाच पाठवणाऱ्या भोळ्या बलरामाचे केले. हा बदल सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे, कारण येथे थट्टेचा रोख प्रथमच लग्न ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यावर वळला. देवलांच्या 1899 मधील ‘शारदे’त तो अधिक धारदार झाला. भुजंगनाथ हा पैसेवाला म्हातारा, त्याची तरुण दिसण्याची धडपड, लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित आणि पैशासाठी मुलगी विकायला निघालेला कांचनभट यांच्यावर प्रेक्षक पोट धरून हसत, आणि त्या हसण्याखाली एका मुलीचे आयुष्य दाबले जात आहे हे देवलांनी एकदाही विसरू दिले नाही. तरीही ‘शारदे’तील सुटका शारदेच्या नकाराने होत नाही. कोदंड नावाचा तरुण हा विवाह सगोत्र असल्याचे उघड करून तो मोडतो, म्हणजे शास्त्राने आणलेली आपत्ती शास्त्रानेच टळते, आणि शेवटी तिचे लग्न कोदंडाशी होते तेव्हाही तो आधी ब्रह्मचर्याचा निश्चय केलेला तरुण आहे, तिचा याचक नाही. (बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, त्यावरून त्याचा संबंध कित्येक मराठी माणसे या नाटकाशी जोडतात, प्रत्यक्षात ते नाव हरबिलास सारडा या विधेयक मांडणाऱ्या सदस्यावरून पडले.)

दोन वरांची उघड चुरस मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठित केली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. याच लेखणीतून 1907 मध्ये ‘कीचकवध’ उतरले होते, ज्यात सैरंध्रीची अभिलाषा धरणारा सत्ताधीश कीचक भीमाच्या हातून मारला जातो. प्रेक्षकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारने 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. त्यानंतर वर्षभरातच, 1911 मध्ये, किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ आणले. एकाच लेखकाच्या या दोन नाटकांत नको असलेल्या पुरुषाचे रूप कसे पालटते हे पाहणे उद्बोधक आहे. कीचक भयंकर होता, म्हणून त्याला मारावे लागले. ‘मानापमाना’तील लक्ष्मीधर हास्यास्पद आहे, म्हणून त्याला नुसते दाखवले तरी पुरते. दागिन्यांनी मढलेला, पैशाची घमेंड असलेला आणि संकटाची चाहूल लागताच थरथरणारा हा श्रीमंत एका बाजूला, आणि कमाईत उणा परंतु पराक्रमी सेनापती धैर्यधर दुसऱ्या बाजूला, अशी ही तुला आहे. नावेच सगळे सांगून जातात. पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला लक्ष्मीधरावर हसताना शस्त्रहीन, सुखासीन झालेल्या आपल्याच वर्गावर हसल्यासारखे होत असणार, आणि बंदी आणता येणार नाही असे राजकारण विनोदातून पोहोचवण्याची युक्ती खाडिलकरांना साधली, असे मानायला जागा आहे.

मात्र नायिका भामिनीच्या बाजूने पाहिले की हे नाटक तितके सरळ राहत नाही. धैर्यधराला गरीब म्हणून नाकारणारी भामिनीच आहे, म्हणजे मराठी रंगभूमीवर कुलीन मुलगी स्वतःच्या तोंडाने एका योग्य वराला नाही म्हणते; हे धाडस 1911 मध्ये लहान नव्हते. परंतु तिचा नकार हा नाटकाने अपराध मानला आहे. तिला वनमाला या गरीब मुलीचे रूप घेऊन, मानापमानाचा अर्थ समजून घेऊन, त्याच धैर्यधराचे मन जिंकावे लागते. निवडीचा अधिकार तिला मिळाला, पण बरोबर उत्तर आधीच ठरलेल्या परीक्षेत. आणि ते उत्तर चुकू नये म्हणून दुसरा पर्याय भेकड करून ठेवला. लक्ष्मीधर जरा शूर असता किंवा धैर्यधर जरा कंजूस असता, तर भामिनीला खरोखर विचार करावा लागला असता, आणि मराठी नाटकाला तेव्हा जे दालन उघडता आले असते ते उघडायला पुढे कित्येक दशके गेली.

‘मानापमान’ची चुरस कथानकातून बाहेर कशी पडली, हा एक वेगळाच प्रकार आहे. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये या नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला, त्यात गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. प्रेक्षकांत दोन तट पडले ते भामिनीचा हात कोणाला मिळणार यावरून नव्हे, तर दोन गळ्यांपैकी कोणता बाजी मारणार यावरून. लक्ष्मीधराची जागा खुद्द नायिकेने घेतली, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. आणि ही नायिका पुरुष होती. स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट, हे त्या रंगभूमीचे सर्वमान्य वास्तव होते. ज्या स्त्रीसाठी दोन पुरुष झगडतात ती स्त्री रंगमंचावर प्रत्यक्षात नाहीच, हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि कोणालाही खटकत नव्हते.

हसे झालेल्या पुरुषाचे पुढे काय होते, हा शूद्रकाने विचारलेला प्रश्न मराठीत राम गणेश गडकऱ्यांनी पुन्हा विचारला. ‘भावबंधना’तील घनश्यामचा लतिका उपहास करते, आणि त्या अपमानाने पेटलेला हा माणूस सूडासाठी तिला आणि तिच्या माणसांना पेचात धरतो. शकारापेक्षा घनश्याम बुद्धिमान आहे, म्हणून अधिक भीतिदायक आहे. गडकऱ्यांनी त्याला खलपुरुष केले खरे, परंतु त्याच्या रागामागे दुखावलेपण आहे हेही प्रेक्षकाला जाणवू दिले. याच नाटकात कामण्णासारखा निव्वळ हसण्याचा म्हातारा ठेवून त्यांनी हसे होण्याचे दोन परिणाम शेजारीशेजारी मांडले. गडकरी जानेवारी 1919 मध्ये वारले, आणि हा धागा पुढे फारसा कोणी उचलला नाही, ही मराठी नाटकाची हानीच म्हणायची.

पुढील पिढीत प्रल्हाद केशव अत्र्यांनी चुरस पुन्हा प्रहसनाच्या मार्गाला लावली. 1936 च्या ‘लग्नाच्या बेडी’त रश्मी ही सिनेनटी येते आणि तिच्याभोवती पुरुषांचा, त्यातही लग्न झालेल्या पुरुषांचा, गराडा पडतो, सगळेच हास्यास्पद ठरतात आणि सगळ्यांवर मात करणारी रश्मी एकटीच शहाणी असते. वसंतसेनेनंतर इतक्या मोकळेपणाने पुरुषांना खेळवणारी स्त्री पुन्हा कुळाबाहेरचीच, या वेळी नटी, निघावी, हा योगायोग नाही. अत्र्यांचे ‘मोरूची मावशी’ हे ब्रँडन थॉमसच्या 1892 मधील ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी फार्सवर आधारलेले. मूळ नाटकात दोन वयस्क पुरुष एका श्रीमंत विधवेला मागणी घालायला धावतात, आणि ती विधवा म्हणजे बाईचे कपडे घातलेला एक विद्यार्थी असतो. ‘संशयकल्लोळा’त प्रतिस्पर्धी नव्हता, येथे स्त्रीच नाही. दोघांना हवी आहे ती तिची मालमत्ता, आणि चुरशीला तेवढे पुरते. चुरशीची वस्तू म्हणून स्त्रीची काही गरज उरत नाही, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या नाटकाने सांगितले असेल असे वाटत नाही. विजय चव्हाणांनी पुढे ही मावशी गाजवली तेव्हा स्त्रीपार्टीचा काळ संपून कित्येक वर्षे झाली होती. बालगंधर्वांची भामिनी पुरुष आहे हे विसरण्यात प्रेक्षकांचा आनंद होता, मावशी पुरुष आहे हे क्षणभरही न विसरण्यात नव्या प्रेक्षकांचा. तमाशातील गणगौळणीत गौळणींबरोबर येणारी, सोंगाड्याच्या अंगाने जाणारी मावशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा आनंद परका वाटण्याचे कारण नव्हते.

विजय तेंडुलकरांच्या 1970 मधील ‘अशी पाखरे येती’ या नाटकाचे मूळही परदेशी आहे, एन. रिचर्ड नॅश यांच्या ‘रेनमेकर’ या नाटकावर ते आधारलेले आहे. परंतु त्यातील घर पूर्णपणे मराठी मध्यमवर्गाचे आहे, जिथे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम हाच घरातला मोठा प्रसंग असतो आणि सरूला तो अनेकदा सोसावा लागला आहे. अरुण नावाचा भटका तरुण या घरात शिरतो, सरूला तिचे स्वतःचे देखणेपण दाखवून देतो, विश्वासराव हे स्थळ ठरण्याच्या बेतात येते, आणि त्या वेळी सरू विश्वासरावांना नकार देते. अरुणही निघून जातो. दोन पुरुषांपैकी एकही तिच्या पदरात पडत नाही, आणि तरीही नाटक शोकांत वाटत नाही, कारण या परंपरेत प्रथमच घरातल्या एका साध्या मुलीने समोरचा माणूस हास्यास्पद नसतानाही त्याला नाही म्हटले आहे. विश्वासरावांना भेकड, जरठ किंवा वानरमुखी करण्याची तेंडुलकरांना गरज भासली नाही. सरूचे मन तिकडे नव्हते, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. विनोद या नाटकात भरपूर आहे, पण तो सरूच्या निर्णयाची जागा घेत नाही.

त्यानंतर मराठी रंगभूमीवरून हास्यास्पद वर नाहीसा झाला असे मात्र नाही. व्यावसायिक फार्सचे त्याच्यावाचून चालत नाही, चित्रपटांनी तर त्याला पिढ्यान्‌पिढ्या पोसले आहे, आणि ‘मानापमान’चे प्रयोग होतात तेव्हा लक्ष्मीधराचे काम अजूनही विनोदी नटाकडेच जाते.